देवघरातला गलबतवाला

मी एक जुनी पितळी पाटी आहे आणि अजून धक्क्यातून सावरलेली नाही. मित्रांनो, आम्हा पितळेच्या वस्तूंना सहसा काही वाटत नाही. पडलो तर वाजतो, उचलून ठेवलं की गप्प बसतो. पण गेल्या हिवाळ्यात मोशीतल्या एका चार मजली घरात, भर देवघरासमोर जे घडलं, त्यानं माझ्या स्क्रूच्या भोकांनासुद्धा घाम फुटला. ते नीट कळायला हवं तर माझी जन्मकथा आधी ऐकावी लागेल. फार लांबवत नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथल्या उत्तरेकडच्या एका थंडगार गावात थॉर्नबी नावाच्या घराण्याचा यंत्रांचा कारखाना होता. यंत्रं चोख बनत. मालकाला मात्र यंत्रांपेक्षा आपल्या घराण्याचा अभिमान जास्त. फार पूर्वी समुद्रापलीकडून गलबतं आली आणि त्यांतून पहिले गोरे लोक त्या किनाऱ्यावर उतरले, त्यांत आपला पूर्वज एझ्रा थॉर्नबी होता, असं तो येईल त्याला सांगायचा. न येईल त्यालाही सांगता यावं म्हणून त्यानं हुकूम काढला, की प्रत्येक यंत्राच्या कपाळावर एझ्राचं चित्र असलेली पितळी पाटी बसलीच पाहिजे.

अडचण एवढीच होती, की एझ्रा दिसायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या काळात चित्रं काढणाऱ्यांपेक्षा लाकडं फोडणाऱ्यांची गरज जास्त होती. कारागिरानं दोन दिवस डोकं खाजवलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कोळशाची गाडी हाकणारा एक दाढीवाला म्हातारा घोड्याशी भांडत उभा होता. कारागिरानं त्याला आत बोलावलं, गरम सूप पाजलं, डोक्यावर उंच टोपी चढवली, हातात जुनी बंदूक दिली आणि पायाशी एक टर्की उभी केली. टर्की म्हणजे रागानं फुगलेली मोठी कोंबडीच. झाला एझ्रा तयार! म्हातारा सूप पिऊन निघून गेला. आपण एका बड्या घराण्याचे पूर्वज झालो, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

साचा तयार झाला, पहिली पाटी ओतली गेली, म्हणजे मी. मालकानं मला हातात घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"अगदी आमच्या घरातलं नाक!" तो म्हणाला.

माझ्या आयुष्यातला हा पहिला धक्का. तेव्हा मला वाटलं, यापुढे असं काही पाहायला मिळणार नाही. लहान होते मी.

मला गिअरचे दाते पाडणाऱ्या एका मोठ्या यंत्राच्या कपाळावर बसवलं आणि ते यंत्र बोटीतून मुंबईला, मुंबईहून ट्रकनं घाट चढून पिंपरीला आलं. पिंपरीत तेव्हा शेतं उठत होती आणि शेड उभ्या राहत होत्या. जिथं आमचं यंत्र बसवलं, तिथं आदल्या वर्षापर्यंत ज्वारी होती. हे मला कसं कळलं? कारण ती ज्वारी ज्यांची होती, तेच आमच्या यंत्रावर कामाला लागले.

त्यांचं नाव आबाजी. वडिलोपार्जित शेतातला मोठा तुकडा कारखान्यासाठी गेला आणि बदल्यात नोकरी मिळाली. मोशीहून सायकल मारत यायचे. पहिल्या दिवशी ते यंत्रासमोर उभे राहिले आणि यंत्राऐवजी माझ्याकडेच बघत बसले.

"बाबा," ते मला म्हणाले, "माझ्या बांधावर उभा हायस तू. ध्यानात ठेव."

मी हबकले. मला वाटलं, आता हा माणूस मला उपटून फेकणार. पण त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि माझ्यावरची प्रवासातली धूळ पुसली. त्यानंतर रोज, शिफ्ट सुरू होताना, आधी मला पुसायचं आणि मग यंत्राला हात लावायचा, असा त्यांचा नेमच झाला.

दुसऱ्या शिफ्टला दापोडीचे खंडू यायचे. एक यंत्र, दोन माणसं, आणि मध्ये अर्धा-अर्धा चहा. खंडूंना माझ्या चेहऱ्याचं भारी कौतुक.

"आबा, ह्यो तुमचा बाबा सदानकदा रागावलेला का असतो राव?"

"तिकडं लई थंडी असते म्हणत्यात."

"थंडी न्हाई, ह्याला बोनस मिळाला नसंल."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. आबाजी माझ्या टोपीवर हळद-कुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. खंडू बौद्ध. ते कुंकू लावत नसत. ते आदल्या दिवशी यायचे आणि माझ्या कानाकोपऱ्यातलं तेल खरवडून काढायचे. "पूजा तुमची, आंघोळ माझी," म्हणायचे. मित्रांनो, अमेरिकेत माझ्याकडे पाहून रडणारा मालक होता, पण मला आंघोळ घालणारं कोणी नव्हतं. आमच्या यंत्रावर कापलेला गिअर आवाज करत नाही, अशी आमची ख्याती होती. ती निम्मी त्या दोघांच्या फडक्याची होती.

मग संगणकावर चालणारी यंत्रं आली. त्यांना कपाळ नसतं, काचेचा पडदा असतो. आमचं यंत्र भंगारात निघालं, त्याच सुमारास आबाजीही निवृत्त झाले. त्यांनी साहेबांकडे एकच वस्तू मागितली. साहेब म्हणाले, "एवढंच? न्या की." माझे स्क्रू गंजून बसले होते. खंडूंनी तेल सोडलं, आबाजींनी पाना फिरवला आणि मी जेवणाच्या पिशवीत बसून मोशीला आले.

आबाजींच्या पत्नी सुभद्राबाई. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यो दाढीवाला कोण आणलाय?"

"ह्याच्यापुढं उभं राहून तुला आन पोरांना जेवू घातलं," आबाजी म्हणाले.

त्यावर सुभद्राबाईंनी मला फडताळात ठेवलं. आबाजी मला रोज पुसायचे. आबाजी गेले, त्या दिवसापासून सुभद्राबाई पुसू लागल्या. मध्ये एक दिवसाचाही खंड पडला नाही. मी पितळेची आहे, तरी हे आठवलं की मला कसंतरीच होतं.

आता मुख्य धक्क्यांकडे येते.

आबाजींचे चिरंजीव लक्ष्मणराव. रस्त्याकडेची उरलेली जमीन त्यांच्या काळात सोन्याची झाली. त्यांनी जुनं घर पाडून चार मजल्यांचं बांधलं आणि सगळ्या भावकीला बोलावून वास्तुशांत घातली. भिंत पडणार म्हणून सुभद्राबाईंनी देवांच्या गाठोड्यातच मला गुंडाळून ठेवलं होतं. गुरुजींनी गाठोडं सोडलं. आमच्याकडे देवघरात टाक असतात, म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठोकून काढलेल्या देवांच्या आणि घरातल्या पूर्वजांच्या मूर्ती. खंडोबाचा टाक निघाला, देवीचा निघाला. मग मी निघाले. दाढी, टोपी, बंदूक, आणि खाचाखोचांत अडकलेलं कारखान्यातल्या पूजेचं कुंकू.

"हे कोण?" गुरुजींनी विचारलं.

सगळी भावकी पुढे वाकली. लक्ष्मणरावांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. ते लहानपणापासून घराबाहेरच जास्त. पण चार मजल्यांच्या मालकाला चारचौघांत 'माहीत नाही' म्हणता येत नाही.

"हे आमचे मूळपुरुष," ते म्हणाले. "गाव यांनीच वसवलं."

मी गार पडले. एक तर मी पाटी, माझ्या पोटावर कोळसेवाला, आणि मी मूळपुरुष!

"पगडी जरा उंच वाटते," कोणीतरी म्हणालं.

"त्या काळी तशीच असायची."

"आन पायाशी ह्यो मोर का?"

"मोरच. दुसरं काय असणार?"

मी सुभद्राबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या नाहीत. त्यांचे खांदे तेवढे हलत होते.

महिन्याभरात लक्ष्मणरावांनी मला चांदीची चौकट करून घेतली. सोनार म्हणाला, "दादा, खाली झिजलेली अक्षरं आहेत, चौकटीत झाकली जातील."

"मोडी असेल," लक्ष्मणराव म्हणाले. "झाकू दे. आता कोण वाचतंय मोडी?"

तेव्हापासून मी देवघरात. फडकं थांबलं, कुंकू चढत गेलं. भावकी लग्नाची पहिली पत्रिका माझ्यासमोर ठेवू लागली. नव्या नवऱ्या नमस्कार करू लागल्या. मी लढाईत किती मारले, याचा आकडा दर दिवाळीला वाढत गेला. खरं सांगायचं तर त्या कोळसेवाल्यानं आयुष्यात घोड्याखेरीज कोणावर आवाजही चढवला नसावा.

लक्ष्मणरावांची मुलगी प्राजक्ता चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिथं विजेच्या गाड्यांचे गिअर बनतात. ते फार आवाज करत होते, म्हणून कंपनीनं अमेरिकेहून एक तज्ज्ञ बोलावला. लांब पाय, लाल नाक, नम्र बोलणं. एका रविवारी सकाळी प्राजक्ता त्याला घरी जेवायला घेऊन आली.

"पप्पा, आजी, हे मिस्टर थॉर्नबी."

देवघराचं दार उघडंच होतं. ते नाव ऐकून मी चौकटीतल्या चौकटीत थरारले. पण म्हटलं, जगात काय एकच थॉर्नबी असतो?

साहेब पुरणपोळी खाऊन खूश झाले आणि खूश झालेला माणूस आपल्या घराण्यावर येतो. त्यांना पूर्वज शोधायचा छंद होता. गेली कित्येक वर्षं ते जुनी चर्चं, जुनी स्मशानं पालथी घालत होते. त्यांच्याकडे म्हणे थुंकी नळीत भरून पाठवली, की आपण कोणाचे कोण ते कळवतात.

"आमच्याकडं थुंकलं तर दंड होतो," लक्ष्मणराव म्हणाले. प्राजक्तानं ते भाषांतरात गाळलं.

साहेबांनी मोबाईलवर आपला वंशवृक्ष दाखवला. बोटानं वर सरकवत गेले, सरकवत गेले, आणि टोकाला थांबले. "हा पहिला. गलबतातून उतरलेला. आमचं सगळं याच्यापासून सुरू होतं."

लक्ष्मणरावांना हे सहन होईना. पाहुण्याचं घराणं जुनं, आणि आपण काय परवाचे?

"त्यांना म्हणावं, आमचे मूळपुरुष याहून जुने आहेत. नुसतं नाव नाही, प्रत्यक्ष दाखवतो. या, या. बूट काढून या."

साहेब मोज्यांवर देवघरात आले. खाली वाकले. माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, माणूस पांढरा असला तरी आणखी पांढरा होऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. साहेबांचा हात समईला लागला, ती कलंडली, प्राजक्तानं ती धरली. साहेब तिथंच फरशीवर बसले. मग त्यांनी मोबाईलवर एक जुनं चित्र काढलं आणि माझ्या शेजारी धरलं. त्यांच्या पणजोबांच्या कारखान्याची जाहिरात होती ती. तीच दाढी, तीच टोपी, तीच बंदूक, तोच फुगलेला मोर.

"एझ्रा!" ते म्हणाले, आणि पुढं बरंच काही बोलले.

"काय म्हणतायत?" लक्ष्मणराव.

प्राजक्तानं समई जागेवर ठेवली. "पप्पा... ते म्हणतायत, हे त्यांचे मूळपुरुष आहेत."

खालच्या रस्त्यावर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज देवघरात स्पष्ट ऐकू आला.

दुसरा एखादा माणूस असता, तर त्यानं इथं विचार केला असता, की आपण कधीतरी चुकलो असू. लक्ष्मणराव जमिनीच्या व्यवहारातले. त्यांनी वेगळा विचार केला. मूळपुरुष आपला, हे तर गावजाहीर आहे. चित्र एकच, हेही समोर आहे. म्हणजे आपला मूळपुरुष कधीतरी गलबतात बसून तिकडे गेला आणि तिकडेही एक शाखा करून आला. म्हणजे हा लाल नाकाचा माणूस...

"भावकी!" ते पुटपुटले आणि भिंतीला टेकले.

कारण मोशीत भावकी म्हटलं की पुढचा शब्द येतो 'हिस्सा'. मागच्याच आठवड्यात त्यांनी बिल्डरला शब्द दिला होता, की रस्त्याकडेच्या प्लॉटवर सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या, आता कोणी उरलं नाही. आत्यांना साड्या नेसवून, चुलत्यांच्या पाया पडून सह्या घेतल्या होत्या. आणि आता हा अमेरिकेतला वारस पुरणपोळी खाऊन देवघरात बसला होता.

त्यांनी पुतण्याला फोन लावला. पुतण्या अजिंक्य वकील आहे आणि दोन घरं सोडून राहतो. तो बनियनवर शर्ट चढवत आला.

"काका, असं नसतं हो. इतक्या पिढ्यांनंतर हक्क कसा लागेल?"

"तुला बिल्डर माहीत नाही. त्याला कळलं, तर म्हणेल आधी अमेरिकेची सही आणा. हक्कसोड लिही. आत्ताच्या आत्ता."

"पण आधार कार्डाशिवाय..."

"लिही!"

अजिंक्यनं डोक्याला हात लावला आणि लिहिलं. वडिलधाऱ्यांपुढं आमच्याकडची वकिली एवढीच चालते. कागदात म्हटलं होतं, की मौजे मोशी येथील मिळकतीवर माझा आणि माझ्या वंशजांचा कोणताही हक्क नाही. प्राजक्तानं कपाळावर आठ्या घालून ते साहेबांना समजावलं. साहेबांचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यभर ते पूर्वजांची जमीन शोधत होते. नव्यानं मिळालेली जमीन पहिल्याच तासाला सोडायची वेळ त्यांच्यावर आली.

पण ते हुशार होते. त्यांना जमीन नको होती. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते म्हणतायत, सही करतो. पण ही पाटी त्यांना द्यायची. कारखाना कधीच बंद पडला, सगळ्या पाट्या वितळवल्या गेल्या. ही एकच उरली असेल म्हणतात. घरी नेईन म्हणतात."

लक्ष्मणरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून प्लॉटच्या दिशेनं पाहिलं. मूळपुरुष एका बाजूला, मूळ जमीन दुसऱ्या बाजूला. फार वेळ लागला नाही.

"न्या म्हणावं," ते म्हणाले. "शेवटी घरच्या घरातच जातोय."

त्यांनी मला देवघरातून उचललं. मी थिजून गेले. इतकी वर्षं नमस्कार घेतले आणि एका सहीवर निकाल लागला! साहेबांनी पेन उघडलं. आणि तेवढ्यात एक सुरकुतलेला हात पुढे आला आणि त्यानं मला घट्ट धरलं.

"लक्ष्मणा," सुभद्राबाई म्हणाल्या, "बापाला इकतोस व्हय रं?"

"आई, बापाचा काय संबंध? हे मूळपुरुष..."

"कसला मूळपुरुष! मशिनीचं कपाळ हाय त्ये. तुझ्या बापानं आख्खी नोकरी त्याच्यापुढं उभं राहून काढली. रोज पुसायचा. सुट्टीच्या दिशी त्याला चुकल्यासारखं व्हायचं."

लक्ष्मणराव हसले. आई म्हातारी झाली, अशा अर्थाचं हसू. प्राजक्ता हसली नाही. तिनं माझी चांदीची चौकट नखानं उचकटली. कुंकवाची पापडी पडली आणि खालची अक्षरं उघडी झाली. इंग्रजी अक्षरं. कारखान्याचं नाव, गाव, आणि यंत्राचा क्रमांक.

"पप्पा," ती म्हणाली, "ही मोडी?"

लक्ष्मणराव खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून सगळी भावकी, सगळ्या लग्नपत्रिका आणि लढाईत मारलेले सगळे लोक एकदम गेले असावेत. "आई," ते कसेबसे म्हणाले, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू इतका झोकात सांगत व्हतास! आन मला वाटलं, त्यांची वस्तू देवाशेजारी बसतीय, बसू दे. तुझ्या थापेनं का व्हईना."

अजिंक्यनं हळूच हक्कसोडाचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

साहेबांना प्राजक्तानं सगळं सांगितलं. त्यांना उलट आनंदच झाला. मूळपुरुष निखळपणे त्यांचा ठरला होता. मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, तुझाही नाही, तो कोळशाच्या गाडीवाला आहे. पण ओतीव ओठ हलत नाहीत. आणि बरं झालं, कारण त्यानंतर सुभद्राबाईंनी जे विचारलं, त्यापुढं माझी बातमी किरकोळ होती.

"प्राजू, पाव्हण्यांना इचार. त्यांचं ह्ये बाबा गलबतातून उतरलं, तवा तितं कोण व्हतं?"

साहेब उत्साहानं सांगू लागले. किनारा होता, जंगल होतं, ओसाड जमीन होती.

"वसाड जमीन नसती कुठं," सुभद्राबाई म्हणाल्या. "आमची पन कागदात पडीक लिवली व्हती. ज्वारी उभी व्हती तिच्यात. कोण व्हतं, त्ये इचार."

प्राजक्तानं विचारलं. साहेब थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, की होती माणसं. तिथली. मका पेरायची. पहिल्या हिवाळ्यात एझ्रा उपाशी मरायला टेकला, तेव्हा त्यांनीच त्याला मका दिला, असं घरात सांगतात.

"जेवू घातलं? मंग त्यांचं नाव काय व्हतं?"

साहेबांनी मोबाईल काढला. बोटानं वर गेले, एकदम टोकाला. एझ्राचा चौकोन होता. त्याच्या भोवती पांढरं, मोकळं. ते त्या मोकळ्या जागेकडे बघतच राहिले. एवढी वर्षं रोज बघत होते, पण ती मोकळी आहे हे त्यांना आजच दिसलं असावं.

"माहीत नाही म्हणतात," प्राजक्ता म्हणाली. "त्यांनी कधी शोधलंच नाही म्हणतात."

"आन जमिनीचं काय झालं?"

याचं भाषांतर करावं लागलं नाही. साहेबांची मान खाली गेली होती.

सुभद्राबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला मांडीवर घेतलं. "आमची जमीन गेली. वाईट वाटलं. पर नाव तरी पुसलं न्हाई आमचं, आन कामाला घेतलं. ज्यानं जेवू घातलं त्याचं नाव इसरायचं न्हाई, यवढंच आमाला म्हाईत. म्हणून ह्यो पितळंचा बाबा बी घरात ठिवला. तुमी त्यांना इसरला कसं, पाव्हणं?"

मी तर पुरती हादरले. इतकी वर्षं माझ्या पोटावर तो माणूस बंदूक घेऊन उभा आहे, आणि बंदूक कोणासाठी, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मग साहेबांनी विचारलं, आता जरा चाचरत, की तरीही पाटी मिळेल का.

"नेऊन काय करनार?"

"काचेत बसवतील म्हणे. दिवाणखान्यात. धूळ बसणार नाही, कोणी हात लावणार नाही."

"हात लावनार न्हाई?" सुभद्राबाईंना पहिल्यांदाच धक्का बसलेला मी पाहिला. "मंग ऱ्हाऊ द्या हितंच."

आणि त्यांनी प्राजक्ताला चिंच-मीठ आणायला लावलं, फडकं साहेबांच्या हातात दिलं आणि त्यांना माझ्यासमोर मांडी घालून बसवलं. साहेबांची मांडी काही बसेना, ते एका कुल्ल्यावर टेकले. घाबरत घाबरत पुसू लागले.

"जोर लावा की! यंत्रं करनाऱ्या घरातलं ना तुमी?"

साहेबांनी जोर लावला. कुंकू निघालं, मेण निघालं, थापांचा सगळा थर निघाला. साहेबांच्या लाल नाकावरून एक थेंब माझ्यावर पडला. तो घामाचा होता की कशाचा, हे मी सांगणार नाही.

ते परत गेले, त्याला आता काही महिने झाले. मध्यंतरी त्यांचा प्राजक्ताला निरोप आला. ज्यांनी एझ्राला मका दिला, त्यांची लेकरंबाळं आजही त्या भागात राहतात, आणि साहेब त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी आत बोलावलं की दारातूनच परत पाठवलं, हे साहेबांनी कळवलेलं नाही. पुन्हा जाणार आहे, एवढंच कळवलं.

लक्ष्मणरावांनी यातलं काहीच भावकीला कळवलं नव्हतं. मग एक दिवस भावकीतले एक म्हातारे घरी आले. देवघराकडे वळले आणि ओरडले, "अरे, मूळपुरुष कुठं गेलं?"

मी तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर होते, आबाजींच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोशेजारी. तिथून मला लक्ष्मणरावांची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. आता नवी थाप येणार, असं मला वाटलं. मोठी, अमेरिकेपर्यंत पोचणारी.

"ते मूळपुरुष नव्हते, अण्णा," लक्ष्मणराव म्हणाले. "ती मशीनची पाटी होती. वडील त्या मशीनवर होते. मला माहीत नव्हतं आणि मी खोटंच सांगितलं."

ते डोळे मिटून अण्णांच्या हसण्याची वाट बघत उभे राहिले.

"आबाजीची मशीन?" म्हातारे म्हणाले. "कुठं हाय पाटी? दाखव. माझ्या पोराला त्यानंच लावलं व्हतं कंपनीत. घरी येऊन न्येलं व्हतं त्याला, सायकलवर डबलसीट." आणि ते आत आले, मला बाजूला सारून त्यांनी आबाजींचा फोटो उचलला आणि कपाळाला लावला.

लक्ष्मणरावांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्या दुपारी ते आईजवळ स्वयंपाकघरात येऊन बसले आणि विचारू लागले. अजून विचारतायत. सुभद्राबाई सांगतात, मध्येच विसरतात, मग चहा मागतात. देवघरात आता आबाजींचा टाक करायचं ठरलं आहे. सोनारानं विचारलं, हातात काय दाखवू, तलवार की भाला? लक्ष्मणराव म्हणाले, फडकं.

सुभद्राबाईंचा हात आता थरथरतो, म्हणून मला प्राजक्ता पुसते. एका हातानं मला पुसते, दुसऱ्या हातात मोबाईल असतो, आणि कोपरे तसेच राहतात. सुभद्राबाई ओरडतात. ती शिकेल.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरातही फळीवर, माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखं कोणीतरी पडलेलं असेल. त्याला काचेत ठेवू नका आणि न विचारता कुंकूही लावू नका. आज घरी गेलात की ते खाली काढा, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, की हे कोणी वापरलं, आणि यानं कोणाचं पोट भरलं? मग फडकं हातात घेऊन ऐकत बसा. ऐकताना हात थांबवू नका, कोपरेही पुसा.